कुंदाने पळवलेला चार

कुंदे, तुझ्या तेरवीला लोक हसले. मीच सांगून टाकते, उगाच दुसऱ्या कोणाकडून तुला कळायला नको.

मांडवात पंगत बसली होती. सगळे खाली माना घालून जेवत होते, अशा जेवणाला जेवतात तसे. तुझ्या नवऱ्याने, दिवाकरभाऊंनी, गोमाजी बुढ्याला भात वाढता वाढता विचारलं, "पुरे काय?" तर गोमाजी म्हणाला, "भात पुरे. पन तुह्या बायकोनं माह्या मोबाइल नंबरातला चार खाल्ला होता, थो मातर मी इसरलो नाई." शेजारची बाई फस्सकन हसली. मग तिच्या शेजारची. मग सगळी रांगच हसायला लागली. ज्यांना ती गोष्ट माहीत नव्हती ते पत्रावळीवरून हात उचलून विचारू लागले, आणि ज्यांना माहीत होती ते सगळे एकदम सांगू लागले. दिवाकरभाऊंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. तेही हसले, आणि दुपट्ट्याने डोळे पुसत राहिले. डोळे नेमके कशासाठी पुसत होते, ते मी विचारलं नाही.

तुला हे सारं ठाऊक आहे. तरी मला पहिल्यापासून सांगू दे. इतक्या वर्षांत तुझ्यासमोर मी कधी सलग चार वाक्यं बोलले आहे का? तू बोलू दिलं असतंस तर ना.

शाळेच्या संघात तू डावा कोपरा धरायचीस आणि मी उजवा. पकड करताना सगळ्या पोरी दातओठ खायच्या. तू बोलायचीस. समोरची चढाईला आली की म्हणायचीस, "ये वं बाई, बस, चहा ठेवला हाय," आणि ती जराशी हसली की तिचा घोटा तुझ्या हातात. आपल्या सरांना हे आवडायचं नाही. पुढे कॉलेजात तुझा गुडघा गेला आणि खेळ सुटला, पण तोंड शाबूत राहिलं. अहेरीच्या आजूबाजूला कुठेही कबड्डी असली की माईक तुझ्या हातात यायला लागला. माझ्या आठवणीत आपल्या भागात मैदानावर माईक धरणारी दुसरी बाई नाही.

मी पुण्याहून आले ती आईसाठी. ऑफिसने घरून काम करू दिलं होतं, पण आमच्या घरी वारा सुटला की नेट जायचं. म्हणून मी तुझ्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये, झेरॉक्स मशीनच्या मागच्या कोपऱ्यात येऊन बसू लागले. पुढे तू लोकांचे दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरत होतीस, मागे मी परदेशातल्या कुठल्याशा गोदामाचा प्रोग्राम लिहीत होते. आपल्या दोघींच्या मध्ये मशीन आणि तुझी अखंड बडबड.

एका बाजाराच्या दिवशी नदीकडच्या गावातले नानाजी आले. त्यांच्या क्रीडा मंडळाने पहिल्यांदाच मुलींची कबड्डी ठेवायची ठरवली होती, आणि ती मोबाइलवर लाइव्ह दाखवायची होती. कारण सरळ होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्या भागातल्या कितीतरी बाया तेलंगणात मिरची तोडायला जातात. तूच नानाजींना म्हणालीस, "माय तिकडं मिरची तोडते आन पोरगी इथी चढाई करते. मायले दिसाले पाहिजे."

"दिसाले पाहिजे, बरोबर हाय," नानाजी म्हणाले. "पन एकटी बाई बोलन आन मशीनही चालवन? चंद्रपूरचा माईकवाला भाऊ येते, त्याच्यासंग दोन मानसं असतात."

"माह्यासंग वैशू हाय," तू म्हणालीस. मला विचारलंसुद्धा नाहीस.

नानाजी म्हणाले, पहिला दिवस पाहू. जमलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या भाऊला बोलावू.

मी कॅमेरा धरायचा आणि तू बोलता बोलता गुण टाकायचे, अशी आपली वाटणी ठरली. लॅपटॉप एकच, तुझ्या सेंटरमधला. लाइव्हचा प्रोग्राम समोर उघडा ठेवावा लागायचा, चित्र जातंय की नाही ते पाहायला. गुणांची पाटी चालवणारा माझा छोटा प्रोग्राम त्याच्या मागे झाकलेला. शाळेच्या मैदानावर आपण सरावाचा एक सामना लावला, आणि काय गंमत झाली! लाल संघाने गुण घेतला. तू माईक काखेत धरलास, माऊस पकडलास, मागची विंडो पुढे आणलीस, गुण टाकलास, परत मागे सारलीस. तोवर निळ्या संघाची चढाई होऊन गेलेली. पुढच्या खेपेला माऊस भलतीकडेच लागला आणि लाइव्हच बंद पडलं.

तू लॅपटॉपकडे असं पाहिलंस, जसं ओळ सोडून बसलेल्या पोराकडे बाई पाहतात.

"वैशू, ह्या डब्याले समोर बसला त्याचंच आयकू येते काय?"

"हो. ज्याची विंडो समोर, त्यालेच बटनं आयकू येतात."

"आन मागं बसलेल्याले काही आयकाचं असन तं?"

"त्यानं आधी नोंद कराले लागते. प्रोग्रामनं सुरू होतानाच कॉम्प्युटरले सांगाचं, का हे बटन कवाही दाबलं, समोर काहीही उघडं असलं, तरी हाक मलेच मार."

"आन दोघायनं एकच बटन मांगितलं तं?"

"पयले मांगितलं त्याचं. दुसऱ्याले नाई म्हनते."

"अवं, म्हन्जे यष्टीत रुमाल टाकल्यावानी!"

त्या दिवसापासून आपण त्याला रुमालच म्हणत आलो. आजही ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणी आख्ख्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या शॉर्टकटबद्दल बोलायला लागलं, की माझ्या डोळ्यांसमोर आलापल्लीचा स्टँड येतो आणि खिडकीतून आत पडणारा तुझा पिवळा रुमाल.

मी रीतसर रुमाल टाकले. कंट्रोल, आल्ट आणि एक आकडा. असे तिहेरी शॉर्टकट सहसा रिकामे असतात आणि चुकून दाबले जात नाहीत. मोठ्या अभिमानाने मी तुला ते दाखवले. तू एक हात वर केलास, त्यात माईक होता. मग दुसरा हात माझ्या तोंडासमोर नाचवलास.

"हा एक उरला. तीन बटनं, थेही कीबोर्डाच्या दोन टोकाले. मी बाई हावो का खेकडा?"

"मग माईक स्टँडवर लावू ना."

"माईक हातात नसला तं मले बोलताच येत नाई. मंग मी फक्त बसलेली बाई दिसते."

मग वरच्या रांगेतली, एफ लिहिलेली बटनं पाहिली. तुझ्या लॅपटॉपवर एकाने आवाज वाढायचा आणि दुसऱ्याने स्क्रीनवरचा उजेड जायचा. एक बटन तर कॉम्प्युटर द्यायलाच तयार नव्हता, कोणाचा तरी रुमाल आधीच पडला होता. "कोन बसला हाय तिथी?" म्हणत तू एकेक प्रोग्राम बंद करत गेलीस, आणि शेवटी सापडला तो स्क्रीनचा फोटो काढायचा प्रोग्राम, तूच कधीतरी टाकलेला आणि विसरलेला. "हात् मायबाप, माहाच रुमाल!" झेरॉक्सला आलेली माणसं वळून पाहायला लागली होती.

शेवटी तू आलापल्लीच्या मोबाइलच्या दुकानातून आकड्यांचा छोटा कीपॅड आणलास, तळहाताएवढा, वायरने जोडायचा. डाव्या हाताखाली ठेवलास. म्हणालीस, चार म्हणजे लाल, सहा म्हणजे निळा, एकेका बोटाचं काम.

इथे आपलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, नुसता आकडा असा पळवता येत नाही. येतो, पण पळवू नये. एकदा चारवर रुमाल टाकला की प्रोग्राम चालू असेपर्यंत त्या कीपॅडवरून कोणालाच कुठेही चार लिहिता येणार नाही. ही दादागिरी आहे. तू म्हणालीस, "माय तिकडं ऊनात बसून पाहून राह्यली, आन तू मले सभ्यपना शिकवून राह्यली." मी म्हटलं, नियम असतात. तू म्हणालीस, असतील. मी चिडून घरी गेले, आणि मग तू म्हणत होतीस तेच करून घेऊन आले.

शाळेच्या मैदानावर पुन्हा सराव लावला, आणि झकास चाललं. माईक उजव्या हातात, डाव्या हाताची दोन बोटं कीपॅडवर, आणि तुझी नजर एकदाही मैदानावरून हलली नाही. आपण खुशीत सामान गुंडाळलं. प्रोग्राम बंद करायचं दोघींनाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरी होते. तुझा फोन आला. आवाज एकदम खालचा, घरात कोणी आजारी असल्यासारखा.

"वैशू, चार मेला."

"कोण चार?"

"आकडा वं! चार आन सहा. सकाळपासून उमटूनच नाई राह्यले. लाइन लागली हाय."

तुला तो कीपॅड इतका आवडला होता, की सकाळपासून तू अर्जातले सगळे आकडे त्याच्यावरच टाइप करत होतीस. मी आले तेव्हा गोमाजी बुढा काउंटरला टेकून उभा होता. तू त्याला समजावत होतीस, "नंबर कमी भरते, बुढा. नीट आठव." आणि तो खिशातला मोबाइल चाचपत म्हणत होता, "कालपावतर तं पुरा होता वं बाई. रात्री कोनी चोरला काय?" चार तर त्याच्या नंबरात दोन ठिकाणी होता!

मी मागची विंडो पुढे आणली. गुणांची पाटी उघडली. लाल संघ शंभराच्या पुढे गेला होता, निळा त्याच्या मागोमाग. सकाळपासून अख्ख्या अहेरीचे मोबाइल नंबर तुझ्या सेंटरमध्ये कबड्डी खेळत होते.

तू पाहिलंस. आधी हात तोंडावर गेला. मग तू खुर्चीत बसलीस, मग खुर्चीतून खाली फरशीवर बसलीस. लाइनमधली माणसं घाबरली. "काई नाई झालं," तू खालूनच ओरडलीस, "लाल जितून राह्यला!" गोमाजीला काही कळलं नाही, पण तूच इतकी हसत होतीस म्हणून तोही हसला. एकाही अर्जाचं वाकडं झालं नाही. कमी आकड्यांचा नंबर कॉम्प्युटरने पुढे जाऊच दिला नव्हता.

तोड तुझीच होती आणि माझीही. तू फरशीवर बसल्या बसल्या म्हणालीस, "सामन्याले शिट्टी होते ना? शिट्टी वाजली का खेळ सुरू, वाजली का बंद. चारलेही शिट्टी लाव." तसंच केलं. एक तिहेरी शॉर्टकट, माझ्या आवडीचा, दोन हातांनी दाबायचा. तो दाबला की चार आणि सहा खेळायला जायचे. पुन्हा दाबला की रुमाल उचलला जायचा आणि आकडे जिथले तिथे. प्रोग्रामचं नावच आपण "शिट्टी" ठेवलं.

एका गोष्टीवर मात्र तू ऐकलं नाहीस. मी म्हटलं, शून्यावर गुण मागे घ्यायचं बटन ठेवू, चुकलं तर बरं.

"मी चुकत नाई."

"तू नसशील. पंच चुकतात ना."

"मंग पंचाले लाव बटन."

स्पर्धेचा पहिला दिवस पार पडला. संध्याकाळी नानाजी तुझ्याजवळ आले, लॅपटॉपकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "चंद्रपूरच्या भाऊले राहू दे." बस, एवढंच. तू मला कोपराने ढोसलंस. माझा कॅमेरा हलला आणि लाइव्हवर लोकांना थोडा वेळ आभाळ दिसलं.

फायनलला लाल म्हणजे नानाजींचंच गाव, निळा म्हणजे एटापल्लीकडच्या जंगलातल्या पोरी, अनवाणी खेळणाऱ्या. त्यांची कॅप्टन सुनीता, बारीकशी, हात लावून कधी पळाली ते कळू न देणारी. सामना शेवटाला आला होता. लालच्या पोरीने चढाईत स्पर्श केला असं पंचांनी दाखवलं, तू ओरडलीस आणि चार दाबलास. पाटीवर गुण चढला. मग दोन्ही पंच बोलले, पोरींना विचारलं, आणि गुण परत घेतला.

तू वळून माझ्याकडे पाहिलंस. मी कॅमेऱ्यामागून शून्याची खूण केली, हवेत एक गोल काढून. तुझे डोळे हसले, आणि माईक वर गेला.

"मंडळी! पाटीवर लालचा एक गुण जास्तीचा हाय. थो पंचायनं काढला, पन माही वैशू म्हनते पाटीवरून निघत नाई. आता तुमीच ध्यानात ठेवा. मी लालचे गुण सांगन, तुमी काय म्हनान?"

कोणीतरी म्हणालं, "एक कमी."

"आयकू नाई आलं!"

"एक कमी!"

मग प्रत्येक चढाईनंतर तेच. तू पाटीवरचे गुण वाचायचीस आणि मैदान ओरडायचं. कुंदे, ते लालचं गाव होतं. आपल्याच पोरींचा गुण ती माणसं प्रत्येक वेळी बेंबीच्या देठापासून ओरडून कमी करत होती, आणि सगळ्यात वरचा आवाज नानाजींचा. शेवटची शिट्टी झाली तेव्हा पाटीवर दोन्हीकडे सारखे गुण होते. मग पुन्हा गाव ओरडलं, "एक कमी!" आणि निळ्या पोरी उड्या मारायला लागल्या.

तेवढ्यात तुझा मोबाइल वाजला. तेलंगणातून. तू तो उचललास आणि, तुझंच काम ते, थेट माईकला लावलास. मैदानभर एका बाईचा आवाज आला, "बाई, मी सुनीताची माय बोलतो. बरोबरी झाली तं माही पोरगी काऊन नाचून राह्यली?"

"माय, तुही पोरगी जितली!"

पलीकडून कितीतरी बायांचा एकदम ओरडा, मिरचीच्या शेतातून, माईकमधून, नदीकाठच्या त्या गावावर. सुनीता माईककडे धावत आली आणि नुसती उभी राहिली, धापा टाकत. तिला बोलायचं होतं, पण ती पलीकडचा ओरडा ऐकत होती.

घरी येताना गाडीवर मी म्हटलं, "आता तरी शून्यावर ते बटन ठेवू?"

"काऊन? बटन असतं तं हे झालं असतं काय?"

"दर वेळी नाही होणार असं."

"मंग दर वेळी पाहू."

आपलं हे भांडण तसंच राहिलं. शून्य अजून मोकळा आहे. मी अजूनही म्हणते की ते बटन हवं. तू आता उत्तर देत नाहीस म्हणून मी जिंकले, असं मात्र मी धरणार नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. पुण्याला परत ये म्हणून ऑफिसचं बोलावणं आलं होतं, मोठं पद होतं. मी नाही म्हटलं. तू समजलीस, आईसाठी. ते अर्धंच खरं होतं. त्या ऑफिसमध्ये मी लिहिलेलं कितीतरी माणसं वापरत असतील, पण त्यांच्यातलं एकही माणूस मी कधी खुर्चीतून हसत खाली घसरताना पाहिलं नाही. मी केलेल्या कामाने कोणाला इतका आनंद होऊ शकतो, हे मला तुझ्याकडे पाहून कळलं. हे तुला सांगायला आपल्या त्या कोपऱ्यात रोज वेळ होता. पण तू बोलत असायचीस, आणि मला ऐकायला आवडायचं.

तू गेलीस ती फार घाईने, कोणाला नीट हात लावू न देता. त्याबद्दल मी रागावले आहे. तो राग कधी जाईल मला माहीत नाही, आणि आज त्याच्याबद्दल लिहायचंही नाही.

परवा रविवारी नानाजींच्या मैदानावर मुलींचे सामने होते, आधीच ठरलेले. तेरवी नुकतीच झालेली. नानाजी दिवाकरभाऊंना विचारायला आले, पुढे ढकलू का. भाऊ म्हणाले, "खेळ थांबवसान तं थे मले सपनात येऊन रागावन." आणि स्वतःच कॅमेरा धरायला आले. त्यांच्या हातात कॅमेरा राहत नाही कुंदे, अर्धा वेळ लोकांना पोरींचे पायच दिसले.

कीपॅड माझ्या डाव्या हाताखाली होता. मी शिट्टी चालू केली. चार चालतो का पाहिलं, सहा पाहिला. पोरी रांगेत उभ्या होत्या. माईक टेबलावर पडला होता आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी कबड्डी खेळले, प्रोग्राम लिहिले, पण चार माणसांत बोलणं मला कधीच जमलं नाही. ते काम तुझं होतं.

मी माईक उचलला. "नमस्कार मंडळी," म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला, की माझा मलाच नीट ऐकू आला नाही.

मैदानाच्या पलीकडून, बायांच्या घोळक्यातून कोणीतरी ओरडलं, "जोरात वं बाई!"

मला हसू आलं. मी माईक घट्ट धरला, उठून उभी राहिले, आणि जोरात बोलायला लागले.